तांत्रिक लिफाफ्यातच अपात्र ठरलो, आता दाद कुठे मागायची?

प्रश्न एका उद्योजिकेचा आहे. त्यांची छोटी कंपनी रुग्णालयांना स्टीम स्टरिलायझर (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारी यंत्रं) पुरवते. राज्यातल्या एका शासकीय रुग्णालयाच्या ई-निविदेत त्यांना तांत्रिक टप्प्यावरच, म्हणजे दर उघडण्याआधी कागदपत्रं तपासतानाच, अपात्र ठरवलं गेलं. पोर्टलवर कारणं दोन : ‘स्पेसिफिकेशननुसार नाही’ आणि ‘उत्पादकाचं अधिकारपत्र विहित नमुन्यात नाही’ (हे पत्र म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने पुरवठादाराला दिलेली लेखी मान्यता). किंमतीचे लिफाफे अजून उघडलेले नाहीत. त्या विचारतात, ‘आमचा दर सगळ्यांत कमी असणार याची खात्री आहे. माहिती अधिकारात अर्ज टाकू, मंत्रालयात जाऊ, की थेट कोर्टात?’

ताई, आधी एका कागदावर दोन तारखा लिहा : आजची, आणि किंमतीचे लिफाफे उघडण्याची. तुमच्या हातात जे काही आहे ते या दोन तारखांच्या मध्ये आहे. एकदा दर उघडले की सगळं बदलतं. कोण एल-वन (सर्वांत कमी दराचा) आला हे जगजाहीर होतं, खरेदी समितीला तो दर वाचवायचा असतो, एल-वन पुरवठादाराच्या अपेक्षा जाग्या होतात, आणि तुमची हरकत कितीही खरी असली तरी ती ‘हरलेल्याची तक्रार’ म्हणून वाचली जाते. त्याआधी तीच हरकत समितीसाठी एक दुरुस्त करण्याजोगी चूक असते.

आणि कमी दराचा मुद्दा पूर्णपणे सोडून द्या. पत्रात, फोनवर, साहेबांच्या केबिनमध्ये, कुठेही तो काढू नका. अपात्र निविदाकाराचा दुसरा लिफाफा उघडतच नाहीत, त्यामुळे कायद्याच्या नजरेत तुमचा दर अस्तित्वातच नाही. उलट ‘आमचा दर कमी आहे’ असं लिहिलंत तर गोपनीय राहायला हवी ती गोष्ट तुम्हीच फोडली असा अर्थ निघतो. तुमची लढाई एवढीच आहे : निविदेत काय लिहिलं होतं, तुम्ही काय दिलंत, आणि समितीने या दोहोंची तुलना नीट केली का.

बावीस वर्षं मी रुग्णालयं आणि प्रयोगशाळांच्या यंत्रसामग्रीच्या निविदांमध्ये आहे, आधी पुरवठादाराकडे नोकरीत आणि आता सल्लागार म्हणून. फेटाळल्या गेलेल्या निविदांपैकी जिथे दाद मिळाली, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी ती दोन-तीन पानांच्या नेमक्या पत्राने, दर उघडण्याआधी मिळाली. म्हणून या उत्तराचा मोठा भाग त्या पत्राबद्दलच आहे.

तुमच्याविरुद्ध कारणं दोन आहेत, आणि दोन्ही स्वतंत्र आहेत. एक जरी टिकलं तरी तुम्ही अपात्रच राहता. अनेक जण ज्या मुद्द्यावर राग आलाय त्यावर चार पानं लिहितात आणि दुसऱ्याला एका ओळीत उडवतात. कार्यालय मग त्या दुसऱ्या कारणावर बोट ठेवून फाईल बंद करतं.

पहिलं कारण घेऊ. ‘स्पेसिफिकेशननुसार नाही’ हे खरं तर कारणच नव्हे, तो नुसता निष्कर्ष आहे. कुठलं कलम, निविदेत काय मागितलं, तुमच्या कागदांत काय दिसलं, या तीन गोष्टी नसतील तर ते कारण सांगितलं असं होत नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधल्या नियम 173 मध्ये पारदर्शकतेची तत्त्वं आहेत : निविदाकाराला अटींवर, प्रक्रियेवर आणि स्वतःची निविदा नाकारली गेल्यास त्यावरही प्रश्न उपस्थित करता यावा अशी तरतूद निविदा-दस्तऐवजात हवी, आणि निविदाकाराने विचारणा केली तर नाकारण्याची कारणं सांगायला हवीत. तुमची निविदा राज्याची आहे, तिला हे नियम थेट लागू नाहीत. राज्याच्या कार्यालयांसाठी 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका आहे. पण कारण कळण्याचा हक्क मुळात संविधानाच्या अनुच्छेद 14 मधून येतो आणि तो राज्यालाही तितकाच बांधतो. म्हणून आजच ई-मेल करा, पोर्टलवर टाका, आणि कार्यालयात जाऊन आवक शिक्का मारलेली पोच घ्या : ‘कोणत्या कलमाच्या संदर्भात आमचं यंत्र अपात्र ठरलं ते कृपया कळवावं.’ उत्तर येईपर्यंत मात्र थांबू नका. काय खटकलं असेल याचा अंदाज बांधून सविस्तर पत्रही त्याच दिवशी तयार ठेवा.

हा अंदाज बांधणं वाटतं तितकं अवघड नाही. एका निविदेत आम्ही चौकोनी चेंबरचा आडवा स्टरिलायझर दिला होता. निविदेत चेंबर एसएस 316 एल (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार; 304 हा दुसरा) चा हवा होता, जॅकेटबद्दल (चेंबरभोवतीचं बाहेरचं आवरण) काहीच अट नव्हती. आमचं चेंबर 316 एल चं आणि जॅकेट 304 चं. उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये मात्र ‘मटेरियल ऑफ कन्स्ट्रक्शन’ या एकाच ओळीत दोन्ही आकडे एकापाठोपाठ छापलेले. समितीतल्या डॉक्टरांनी 304 वाचलं आणि शेरा मारला. त्यांचं चुकलं, पण ती चूक आम्हीच घडवून आणली होती : कंप्लायन्स शीटमध्ये (निविदेचं प्रत्येक कलम पूर्ण होतं का ते सांगणाऱ्या तक्त्यात) आम्ही प्रत्येक कलमासमोर नुसतं ‘होय’ लिहिलं होतं, कॅटलॉगचं पान सांगितलं नव्हतं. आम्ही दीड पानाचं पत्र दिलं. त्यात निविदेचं कलम जसंच्या तसं, त्याच्या समोर आमच्याच अपलोड केलेल्या कागदांतलं पान आणि ओळ, आणि चेंबरच्या धातूचा चाचणी अहवाल. तो अहवालही मूळ लिफाफ्यात होता, फक्त कोणी तिथपर्यंत पोचलं नव्हतं. दर उघडणं चार दिवस पुढे गेलं, समिती पुन्हा बसली आणि आम्ही पात्र ठरलो. त्या पत्रात एकही विशेषण नव्हतं.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका कार्यालयात मी अगदी उलट केलं होतं. पाच पानं लिहिली, विशिष्ट कंपनीला झुकतं माप दिल्याचा आरोप केला, प्रत वरपासून खालपर्यंत नऊ जणांना पाठवली. तांत्रिक मुद्दा खरा होता, पण तो तिसऱ्या पानावर होता. समितीतल्या माणसांनी आधी स्वतःचा बचाव केला आणि यंत्राकडे पाहिलंच नाही. ज्याला आपला निर्णय बदलायचा आहे त्याला तो सन्मानाने बदलता आला पाहिजे. ‘नजरचुकीने राहून गेलं असावं’ हे चार शब्द पत्रात असले की त्याला ती वाट मिळते.

एक रेषा मात्र कधी ओलांडायची नाही. स्पष्टीकरण म्हणजे जे मूळ लिफाफ्यात आहे ते दाखवून देणं. त्यात नवा कागद घुसवणं नव्हे. केंद्राच्या वस्तू खरेदीच्या नियमपुस्तिकेत याचं चांगलं उदाहरण आहे : पुरवठा आदेश जोडला पण तो पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र राहिलं, तर ते प्रमाणपत्र नंतर मागवता येतं, नवा पुरवठा आदेश मागवता येत नाही. हाच निकष स्वतःला लावा. निविदा उघडली त्या दिवशी जी गोष्ट अस्तित्वात होती आणि जिचा धागा तुमच्या लिफाफ्यात आहे, तिच्याबद्दलच बोला. यंत्राचं मॉडेल बदलून देतो, पंप वरच्या दर्जाचा लावतो, असले प्रस्ताव म्हणजे मूळ निविदा अपुरी असल्याची लेखी कबुली.

आता दुसरं कारण. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, कारण हा भाग खरोखर नाजूक आहे.

अटी दोन प्रकारच्या असतात. काही अटी गाभ्याच्या, त्या नसतील तर निविदा उभीच राहत नाही. काही दुय्यम, ज्यात कार्यालय सवलत देऊ शकतं. 1991 च्या पोद्दार स्टील प्रकरणात अनामत रक्कम रोख किंवा स्टेट बँकेच्या डिमांड ड्राफ्टने भरायची अट होती. निविदाकाराने दुसऱ्या बँकेचा बँकर्स चेक दिला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पैसे सुरक्षित मिळणं हा हेतू साधला गेला, कार्यालयाला ही सूट देता येते. हा निकाल प्रत्येक अपात्र निविदाकाराच्या पत्रात असतो. पण त्यातली खोच बघा : तिथे कार्यालयाने स्वतः सूट दिली होती आणि प्रतिस्पर्ध्याने तिला आव्हान दिलं होतं. ‘सूट दिलीच पाहिजे’ असं त्या निकालात नाही. 2016 च्या सेंट्रल कोलफील्ड्स प्रकरणात बँक गॅरंटी ठरवून दिलेल्या नमुन्यात नव्हती म्हणून निविदा नाकारली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. नमुना ठरवणं आणि तो सगळ्यांना सारखा लावणं हा कार्यालयाचा अधिकार आहे. तुमचं प्रकरण या दुसऱ्या निकालाच्या जास्त जवळ आहे.

म्हणून निविदेतला नमुना आणि तुम्ही दिलेलं पत्र शेजारी शेजारी ठेवून ओळीने वाचा. नुसता मजकुराचा क्रम वेगळा आहे, लेटरहेड वेगळं आहे, एखादा शब्द बदललाय? मग ‘आशय पूर्ण आहे, नमुन्यातली प्रत्येक जबाबदारी यात आलेली आहे’ असं ठामपणे म्हणा आणि ओळींची जुळणी तक्त्यात दाखवा. पण उत्पादकाने निविदा क्रमांकच घातला नसेल, वॉरंटीची जबाबदारी घेतली नसेल, सुटे भाग इतकी वर्षं पुरवू ही हमी गाळली असेल, तर तो आशयातलाच खड्डा आहे. रुग्णालयाला तो कागद याच हमीसाठी हवा असतो : उद्या तुमची कंपनी बंद पडली तरी ऑपरेशन थिएटरचा स्टरिलायझर बंद पडू नये. अशा वेळी लढण्याची फार उमेद ठेवू नका. ‘अधिकारपत्र विहित नमुन्यात नसल्यास निविदा नाकारण्यात येईल’ असं वाक्य निविदेत आहे का तेही पाहा. असेल तर वाट आणखी अरुंद.

एक दार तरीही उघडं राहतं : समान वागणूक. तुमच्यासारखंच पत्र देणारा दुसरा निविदाकार पात्र ठरलाय का? काही पोर्टलवर सहभागी निविदाकारांना इतरांचे उघडलेले तांत्रिक कागद लॉगिनमधून दिसतात. तुमच्या लॉगिनमधून दिसत असतील तर आजच पाहा आणि जतन करा. एकाच दोषावर एक आत आणि एक बाहेर, ही गोष्ट कुठल्याही न्यायालयाला आवडत नाही. पण खात्री नसताना असा आरोप लिहू नका.

पत्रात शेवटी मागणी स्पष्ट करा : फेरमूल्यमापन करावं, आणि निर्णय होईपर्यंत किंमतीचे लिफाफे उघडू नयेत. ही दुसरी ओळ बहुतेक जण विसरतात. केंद्राच्या नियमपुस्तिकेनुसार तांत्रिक किंवा आर्थिक मूल्यमापनाचा निकाल जाहीर झाल्यापासून 10 दिवसांत हरकत घेता येते, ती घेण्याचा हक्क फक्त निविदेत भाग घेतलेल्या आणि थेट बाधित निविदाकाराला असतो, आणि कार्यालयाने 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. जेमवरच्या (केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरच्या) खरेदीत ही मुदत फारच आखूड, सहसा दोन दिवसांची. तुमच्या ई-निविदेत काय लिहिलंय ते निविदा-दस्तऐवजातच शोधा. राजस्थानने 2012 च्या खरेदी कायद्यात आणि कर्नाटकाने 1999 च्या कायद्यात अपिलाची रीतसर पायरी ठेवली आहे. महाराष्ट्रात तसा सर्वसाधारण खरेदी कायदा नाही आणि केंद्राचं 2012 चं विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर संपून गेलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. दहा लाखांच्या यंत्राच्या वादासाठी छोट्या पुरवठादाराला उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवायला लागू नये.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, पण त्यावर विसंबून राहू नका. उत्तराला 30 दिवस मिळतात आणि तोवर कार्यादेश निघालेला असतो. शिवाय प्रक्रिया चालू असताना कलम 8(1)(ड) खाली व्यापारी गोपनीयतेचं कारण देऊन नकार येतो. तो अर्ज मूल्यमापनाचं इतिवृत्त मिळवायला उपयोगी आहे, पुढच्या निविदेसाठी आणि कोर्टात गेलात तर तिथेही. मंत्रालयाच्या वाटेला तर जाऊच नका. निर्णयावर दबाव आणणाऱ्याला अपात्र ठरवण्याची अट बहुतेक निविदांमध्ये असते.

उच्च न्यायालय. अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करता येते, पण तिथे तुमचं यंत्र चांगलं की वाईट हे कोणी तपासणार नाही. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून भूमिका ठरलेली आहे : न्यायालय निर्णय तपासत नाही, निर्णय कसा घेतला ते तपासतं. 2007 च्या जगदीश मंडल प्रकरणात दोन प्रश्न घालून दिले. निर्णय दुष्ट हेतूने किंवा कुणाच्या फायद्यासाठी घेतला का, किंवा तो इतका मनमानी आहे का की कुठलाही जबाबदार अधिकारी तो घेणारच नाही? आणि सार्वजनिक हिताला त्यामुळे बाधा येते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर न्यायालय हात घालत नाही. नागपूर मेट्रोच्या 2016 च्या ॲफकॉन्स निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली : निविदेच्या भाषेचा अर्थ ती लिहिणाऱ्यालाच सर्वांत चांगला कळतो असं धरायचं, तुमचा अर्थ जास्त पटणारा असला तरी. यंत्रसामग्रीतलं ताजं उदाहरण 2022 चं ॲगमाटेल प्रकरण. नवोदय विद्यालयांसाठी टॅबलेट हवे होते आणि अनुभवाची अट ‘त्याच किंवा तत्सम’ वस्तूंची होती. एका निविदाकाराने स्मार्टफोन पुरवल्याचा अनुभव दाखवला, समितीने तो मानला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने निविदाकाराची बाजू घेतली, सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली.

मग जायचंच नाही का? जायचं, पण मोजक्याच प्रकरणांत : जिथे निविदेत नसलेली अट लावून तुम्हाला बाहेर काढलंय, किंवा सारख्या दोषावर दुसऱ्याला आत घेतलंय, किंवा कारणच दिलेलं नाही. इथे मोहिंदरसिंग गिल प्रकरणाचा 1978 चा निकाल कामाला येतो. आदेशाची वैधता आदेशात दिलेल्या कारणांवर ठरते, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून ती सावरता येत नाही. म्हणून पोर्टलवरच्या त्या शेऱ्याचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. मी तो शेरा नंतर ‘सविस्तर’ झालेला पाहिलेला आहे.

आणि जायचं तर लगेच. 1979 चा रमण दयाराम शेट्टी निकाल निविदा कायद्याचा पायाच म्हणायला हवा. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या त्या निविदेत न्यायालयाने सांगितलं की सरकारी संस्थेने स्वतः ठरवलेला निकष तिलाच मोडता येत नाही. पण याचिकाकर्त्याला दिलासा मिळाला नाही. इतर कारणांबरोबर एक कारण हेही की तो पाच महिन्यांहून जास्त उशिरा आला, तोवर ज्याला काम मिळालं त्याने पैसा गुंतवला होता. कार्यादेश निघाल्यावर, यंत्र बसल्यावर गेलात तर तुमचंही तेच होईल. 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालानंतर तर न्यायालयं स्थगितीपेक्षा नुकसानभरपाईकडे बोट दाखवतात. वकील निविदांची कामं करणारा घ्या, आणि पत्राला उत्तर येण्याआधीच कागद त्याच्याकडे देऊन ठेवा.

स्पेसिफिकेशनच मुळात एका कंपनीचं कॅटलॉग समोर ठेवून लिहिलंय असा तुमचा संशय असेल तर तो मुद्दा आता जवळजवळ गेला. त्याची जागा प्री-बिड बैठक (निविदा भरण्याआधीची शंकांची बैठक) होती. अट मान्य करून निविदा भरायची आणि हरल्यावर तिच्यावर बोलायचं, याला कोर्टात फारसं कोणी ऐकत नाही. पुढच्या वेळी शुद्धिपत्रकाची मागणी तेव्हाच लेखी करा.

अनामत रकमेची काळजी नको. तांत्रिक टप्प्यावर बाद झालेल्यांची रक्कम परत द्यायचीच असते, केंद्राच्या नियमांत त्यासाठी 30 दिवस दिलेले आहेत. ती आपोआप खात्यात आली तर ‘आमची हरकत व हक्क राखून स्वीकारत आहोत’ असा एक मेल टाका, एवढं पुरे.

राहिलं उत्पादकाचं पत्र. तुम्ही आजच त्यांच्याकडून खुलासा मागवा : आधी दिलेलं अधिकारपत्र याच निविदेसाठी होतं, त्यातली जबाबदारी आम्हाला मान्य होती आणि आहे. हा खुलासा मूळ पत्राला पूरक म्हणून जोडा, बदली म्हणून नव्हे. उत्पादकाचा विक्री प्रतिनिधी तुम्हाला मदत म्हणून म्हणेल, ‘मॅडम, मागची तारीख टाकून नमुन्यातलं नवंच पत्र देतो.’ स्पष्ट नाही म्हणा. अपात्रता या एका निविदेपुरती असते. खोटा कागद दिल्याचा ठपका काळ्या यादीपर्यंत नेतो आणि तिथून पुढची दोन-तीन वर्षं तुम्हाला निविदाच भरता येत नाहीत. पत्रावर आजचीच तारीख असू द्या.